मान कोणाला आणि काम कोणाला

(मंडळाच्या वर्धापनदिनी साताऱ्यात झालेले भाषण)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी मृत्युपत्रावर बोलायला उभे राहणे बरे दिसत नाही, याची मला जाणीव आहे. चिटणीसबाईंना मी तसे म्हटलेही. तर त्या म्हणाल्या, "अहो, परवाच्या वर्षी लोणच्यांवर व्याख्यान झाले, गेल्या वर्षी गुडघेदुखीवर झाले. आता क्रमाने हेच येते!" यावर काय बोलणार? आले. माझे माहेर या साताऱ्याचे आणि सासर सांगलीचे. काही गोष्टी माहेरच्या माणसांपुढेच मोकळेपणाने सांगता येतात, हेही येण्याचे एक कारण आहे.

आरंभीच सांगते, मी वकील नाही. तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, एवढीच माझी विद्या. पण एका मृत्युपत्राचे काम माझ्या गळ्यात पडले आणि ते मी निभावले. कसे निभावले, कुठे चुकले, तेच आज सांगणार आहे. मृत्युपत्र कसे लिहावे हे वकील सांगतील. माझा विषय त्या कागदातल्या एकाच ओळीपुरता आहे. कोणाला पाटल्या, कोणाला घर, कोणाला ठेव, याचा विचार आपण महिनोन्‌महिने करतो. आणि शेवटी लेखनिक विचारतो, "व्यवस्थापक कोण लिहू?" तेव्हा अर्ध्या मिनिटात घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचे नाव सांगून आपण मोकळ्या होतो. त्या अर्ध्या मिनिटाबद्दल मला बोलायचे आहे.

आधी दोन शब्द समजावून घेऊ. मृत्युपत्रात लिहिल्याप्रमाणे सारे घडवून आणतो तो व्यवस्थापक. कोर्टकचेरीत त्याला एक्झिक्युटर म्हणतात. विश्वस्त म्हणजे ट्रस्टी. एखाद्याच्या नावाने ठेवलेली मिळकत जो सांभाळतो, वाढवतो आणि ठरलेल्या वेळी हवाली करतो, तो विश्वस्त. लग्नघराची उपमा द्यायची तर व्यवस्थापक हा कार्य पार पाडणारा. मांडववाल्याचे, आचाऱ्याचे पैसे चुकते केले, शेवटचा पाहुणा स्टँडवर पोचवला, की तो सुटला. विश्वस्त मात्र पोर सांभाळायला घेतलेल्या मावशीसारखा. ते पोर मोठे होईपर्यंत त्याची सुटका नाही. एकाच माणसाला दोन्ही कामे देता येतात. पण ती कामे दोन आहेत, हे देणाऱ्याने विसरू नये.

आपल्या साताऱ्याला हा विषय नवा नाही. शाहू महाराजांना पुत्र नव्हता. १५ डिसेंबर १७४९ रोजी ते येथेच वारले. त्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने दोन चिठ्ठ्या लिहून राज्याचा कारभार नानासाहेब पेशव्यांकडे सोपवला होता. गादीवर बसले रामराजे, कारभार पाहिला पेशव्यांनी. आपल्या आजच्या भाषेत एक वारस आणि एक व्यवस्थापक. लिहिणाऱ्याची सही खरी, अक्षर खरे, हेतूही स्पष्ट. तरी वर्ष उलटते न उलटते तोच, १७५० च्या नोव्हेंबरात, ताराबाईंनी रामराजांना या समोरच्या अजिंक्यताऱ्यावर अडकवून ठेवले. त्यामागचे राजकारण इतिहासकार जाणोत. मी संसारी बाई, मला त्यातून एवढेच दिसते, की कागद कारभार नेमून देऊ शकतो, माणसांची मने नेमून देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट पुण्याची आहे, आणि तिचे धागे आपल्या शेजारच्या कोल्हापुरापर्यंत जातात. लोकमान्य टिळकांचे एक स्नेही होते, सरदार वासुदेव हरिहर पंडित. लोक त्यांना बाबा महाराज म्हणत. ७ ऑगस्ट १८९७ रोजी ते पटकीने वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केले आणि टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे वगैरे मंडळींना विश्वस्त नेमले. आता त्या दिवसांतली टिळकांची स्थिती पाहा. जुलैच्या अखेरीस त्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले होते आणि नुकते कुठे ते जामिनावर सुटले होते. सप्टेंबरात त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. म्हणजे ज्यांच्या खांद्यावर भार टाकला, ते पाच-सहा आठवड्यांत तुरुंगात गेले आणि जवळजवळ वर्षाने परतले.

बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला नाही, किंवा होऊन वाचला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने व सल्ल्याने दत्तक घ्यावा, असे मृत्युपत्रात होते. १८९८ च्या जानेवारीत मुलगा झाला आणि दोन महिन्यांत गेला. पुढे जून १९०१ मध्ये ताई महाराजांसह विश्वस्त मंडळी औरंगाबादला गेली आणि तेथे जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तविधान झाले. त्याच वर्षी ऑगस्टात ताई महाराजांनी कोल्हापूरकडच्या बाळा महाराजांना दत्तक घेतले. झाले! घर एक आणि दत्तक दोन. टिळकांवर फौजदारी खटला झाला, १९०३ मध्ये त्यांना शिक्षा झाली, १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दिवाणी दावा मात्र थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तिथे १९१५ च्या मार्चमध्ये टिळकांच्या बाजूने निकाल लागला. मृत्युपत्रापासून निकालापर्यंत अठरा वर्षे! ज्यांच्या घराचा हा प्रश्न, त्या ताई महाराज तोवर कधीच वारल्या होत्या.

टिळकांच्या सचोटीबद्दल मी शंका घेत नाही. वरच्या न्यायालयानेही घेतली नाही. देशाच्या कामाचा एवढा डोंगर डोक्यावर असताना मरणाऱ्या मित्राला दिलेला शब्द ते अठरा वर्षे पाळत राहिले, ही सोपी गोष्ट नव्हे. पण आपण थोडे मृत्युपत्र लिहिणाऱ्याच्या जागी बसून पाहू. ज्या दिवशी प्राण जायचा त्या दिवशी हा कागद करायचा का? ज्याच्यावर आधीच खटला उभा आहे, त्याच्यावर आणखी भार घालायचा का? आणि ज्या तरुण विधवेला पुढे त्याच घरात दिवस काढायचे, ती आणि विश्वस्त कायम एका मताचे राहतील, हे गृहीत धरायचे का? मत फुटले आणि कोणाचे चालावे, हा प्रश्न घरातून उठून कोर्टात गेला. माणूस थोर निवडला होता, यात वाद नाही. पण थोर माणूस आणि मोकळा माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आमच्या घरची हकीकत.

माझ्या सासऱ्यांची बहीण, म्हणजे आमच्या आत्याबाई, सांगलीच्या गावभागात राहत. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून सगळी हयात गेली. यजमान लवकर वारले, मूलबाळ नव्हते. यजमानांचे लहानसे घर, पेन्शनीतून साठवलेल्या ठेवी, चार पाटल्या आणि एक लोखंडी ट्रंक, एवढा त्यांचा संसार. कायदा त्यांना पक्का ठाऊक होता. त्या म्हणत, "मी कागद केला नाही, तर घर सरळ माझ्या दिरांच्या मुलांकडे जाईल. जायला हरकत नाही, पण कोणाला किती ते मी ठरवीन." आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बाईच्या मिळकतीवर तिचा पूर्ण हक्क मान्य केला आहे. पण तिने मृत्युपत्र केले नाही, आणि मागे नवरा किंवा मुलेबाळे नसली, तर तिची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. फक्त आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परतते. ज्या भगिनी एकट्या आहेत त्यांनी हे वाक्य घरी जाऊन वहीत लिहून ठेवावे.

आत्याबाईंनी मृत्युपत्र केले आणि नोंदवलेही. घर विकावे, अर्धे पैसे भाचीला, म्हणजे माझ्या नणंदेला द्यावे, आणि अर्धे पैसे पुतण्याच्या मुलासाठी ठेवावे. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच्या शिक्षणाला लागेल तसे द्यावे आणि एकविसाव्या वर्षी उरलेले त्याच्या हाती द्यावे. पाटल्या नणंदेच्या मुलीला. घरी काम करणाऱ्या बाईंना वीस हजार रुपये. सारे कसे नीटनेटके! व्यवस्थापक आणि विश्वस्त म्हणून नाव होते आमच्या थोरल्या भाऊजींचे. भाऊजी पुण्याला, निवृत्त इंजिनियर, घराण्यात सर्वांत वडील, सर्वांत शिकलेले. त्यांचे नाव न घालणे म्हणजे त्यांचा अपमान, असे आत्याबाईंना वाटले. लिहून घेणाऱ्या वकिलांनी मात्र आग्रह धरून एक ओळ जास्त घातली होती: "त्यांना शक्य न झाल्यास माझी भाचेसून." ती भाचेसून म्हणजे मी.

२०१८ च्या फेब्रुवारीत आत्याबाई गेल्या. तेराव्यानंतर मृत्युपत्र वाचले, तेव्हा भाऊजींना आपले नाव त्यात आहे हे प्रथम कळले, आणि मलाही माझे. भाऊजींचे वय तेव्हा एकोणऐंशी, डोळ्यांचे ऑपरेशन झालेले, जिना उतरणे बंद. त्यांना हे काम झेपणार नाही हे प्रत्येकाला दिसत होते. पण "भाऊजी, तुम्ही लेखी नकार द्या," हे त्यांना सांगणार कोण? धाकट्याने थोरल्याला असे म्हणायची आमच्याकडे रीत नाही. यांनी मनावर घेतले नाही, मी धीर केला नाही. सहा महिने असे गेले. शेवटी भाऊजींनीच फोन केला. "वहिनी, मला लाजेने हे सांगता येत नव्हते. माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही घ्या." म्हणजे ते आमच्या मानासाठी थांबले होते आणि आम्ही त्यांच्या मानासाठी!

मग मी कामाला लागले. काम किती असते म्हणून सांगू? मृत्यूचा दाखला, त्याच्या प्रती, बँकेत हेलपाटे, पतसंस्थेत हेलपाटे, वीज मंडळाचे नाव, घरपट्टीची थकबाकी, सिटी सर्व्हेच्या कचेरीत अर्ज. कायद्याने व्यवस्थापकाचे काम क्रमाने ठरलेले आहे. आधी अंत्यविधीचा खर्च, मग देणी, आणि देणी फिटल्यावर मग ज्याचे त्याला देणे. आधी पाटल्या वाटून टाकल्या आणि मागाहून सावकार आला, असे झाले तर व्यवस्थापकाला त्याचा जाब द्यावा लागतो. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहर, आपल्या सातारा-सांगलीकडे सक्तीचे नव्हतेच. मुंबई शहरातल्या मिळकतीला कित्येक वर्षे ते लागत असे. पण प्रोबेट घेतले, तर सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षात हिशेब कोर्टाला द्यावा लागतो. मला वाटते, प्रोबेट घ्या वा न घ्या, ही मुदत प्रत्येकाने स्वतःला घालून घ्यावी.

मी ती घालून घेतली नाही. २०१९ च्या चैत्रात घराला एक चांगले गिऱ्हाईक आले. आत्याबाईंचे पुतणे, म्हणजे त्या मुलाचे वडील, म्हणाले, "थोडे थांबा, भाव वाढेल." नणंद म्हणाली, "लवकर उरका." मी गणिताची बाई, पण नात्यांच्या बेरजेत अडकले आणि थांबले. त्याच वर्षी ऑगस्टात कृष्णा चढली. सांगलीचा तो महापूर तुम्ही साताऱ्यात बसून पाहिलात. आम्ही तो घरात पाहिला. गावभागातल्या त्या घरात छातीभर पाणी होते. ट्रंक तिथेच होती. पाणी ओसरल्यावर उघडली, तर पासबुके, पावत्या, आत्याबाईंनी जपलेली पत्रे, सगळ्यांचा एक लगदा झाला होता. मृत्युपत्र नोंदवलेले होते म्हणून दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून त्याची नक्कल मिळाली, नाहीतर माझ्या हाती त्या लगद्याशिवाय काही राहिले नसते. गिऱ्हाईक अर्थातच परत आले नाही. मग टाळेबंदी आली. घर विकले गेले ते २०२१ च्या आरंभी, आणि पहिल्या गिऱ्हाइकाने देऊ केलेल्या किमतीपेक्षा एक लाख ऐंशी हजारांनी कमी.

ते एक लाख ऐंशी हजार माझ्या दिरंगाईचे आहेत. त्यांतले नव्वद हजार एका लहान मुलाचे होते. माझ्याकडे कोणी ते मागितले नाहीत. पण मला ते पाठ आहेत.

दुसरी चूक त्याहून मोठी. विक्रीचे पैसे मी माझ्या स्वतःच्या बचत खात्यात भरले. नवे खाते उघडायला बँकेत कागद फार मागत होते, म्हणून म्हटले, चार दिवस राहू देत. चार दिवसांचे चार महिने झाले. एक पैसाही मी खर्च केला नव्हता. माझ्या वहीत रोजचा हिशेब होता. पण आत्याबाईंच्या पुतण्यांनी विचारले, "मुलाचे पैसे कुठे आहेत?" आणि मला सांगावे लागले, "माझ्या खात्यात." त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. ते काही बोलले नाहीत. त्या दिवाळीला मात्र आमच्या घरी आले नाहीत, पुढच्याही दिवाळीला नाहीत. मला आधी राग आला. एवढी धावपळ केली ती कोणासाठी? मग रात्री जागून विचार केला, की माझ्या मुलाचे पैसे दुसऱ्या बाईच्या खात्यात असते, तर मी काय केले असते? मी तर दारात जाऊन उभी राहिले असते!

शेवटी मी विश्वस्त म्हणून वेगळे खाते काढले. चार महिन्यांचे व्याज मोजून त्यात घातले. हिशेबाच्या वहीच्या प्रती काढल्या आणि सगळ्यांना एकत्र बोलावून पहिल्या पानापासून वाचून दाखवल्या. रिक्षाभाड्याच्या तीस रुपयांपर्यंत सगळे. पुतण्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "काकू, हे आधी दाखवले असते तर..." पुढे त्यांना बोलवले नाही. आता ते येतात, जातात. तिळगूळ देतात. पण मैत्रिणींनो, फुटलेल्या कपाला चिकटवले तरी चहा ओतताना आपण त्याच्याकडे जरा जपूनच पाहतो, तसे काहीसे अजून आहे. मुलगा आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्या एकविसाव्या वर्षापर्यंत माझी सुटका नाही. आणि माझ्यानंतर कोण, हे आत्याबाईंच्या कागदात लिहिलेले नाही, ही काळजी वेगळीच.

या सगळ्यातून मी जे शिकले ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, ज्याला नेमायचे त्याला आधी विचारा. कायद्याने कोणालाही हे काम बळेच घ्यावे लागत नाही. व्यवस्थापक नकार देऊ शकतो, विश्वस्तही देऊ शकतो. मात्र विश्वस्ताने एकदा काम पत्करले, की मनात आले म्हणून सोडता येत नाही, ते दुसऱ्यावर ढकलताही येत नाही. म्हणून होकार जिवंतपणी, समोरासमोर घ्यावा. जो म्हणेल, "हो हो, बघू की," त्याला नेमू नये. जो विचारील, "काय काय आहे, कोणाला काय द्यायचे आहे?" त्याला नेमावे.

दुसरी गोष्ट, वय आणि अंतर पाहा. आपल्यापेक्षा वयाने लहान, आणि शक्यतो त्याच गावातला किंवा जवळचा. परदेशी असलेला मुलगा कितीही गुणी असला, तरी सिटी सर्व्हेच्या कचेरीत दुपारी तीन वाजता उभा राहणार कोण? आणि पहिल्या नावामागे दुसरे नाव हवेच. पहिला नसला, नेमलेला कोणीच पुढे आला नाही, तर मृत्युपत्र रद्द होत नाही, पण कोर्टाकडून दुसरा माणूस नेमून घ्यावा लागतो. वकिलांनी घातलेली ती एक ओळ नसती, तर आम्ही त्या रांगेत असतो.

तिसरी गोष्ट, दोघे विश्वस्त नेमायचे तर मत फुटल्यावर काय, ते लिहा. कायदा सामान्यतः सगळ्या विश्वस्तांनी मिळून काम करावे असे मानतो. दोन भावांना बरोबरीने नेमले म्हणजे दोघांचा मान राहिला, असे आपल्याला वाटते. दोघांचे बोलणे बंद असले, तर काम तिथेच बंद. ताई महाराजांची गोष्ट आठवा.

चौथी गोष्ट, ज्याला मिळायचे त्यालाच व्यवस्थापक नेमता येते, त्यात गैर काही नाही. पुष्कळ घरांत तेच सोयीचे पडते. पण लहान मुलाचे पैसे असतील, तर ज्याचा त्या पैशांशी संबंध नाही असा माणूस बरा. साक्षीदार दोन लागतात, दोघांनीही आपली सही होताना पाहावी किंवा आपल्या तोंडून ती आपली आहे हे ऐकावे. ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीला घेऊ नये. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्तीही नाही. पण नोंदणी करावी. पुरात ट्रंक बुडते, नोंदलेली नक्कल पुन्हा काढता येते. कोणाला मजकूर कळू द्यायचा नसेल, तर बंद लखोटा जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे.

पाचवी गोष्ट, विश्वस्ताला कायद्याने मेहनताना मिळत नाही, लिहिला असेल तरच मिळतो. "घरचेच काम, पैसे कसले?" असे म्हणू नका. खर्च मिळकतीतून घ्यावा आणि थोडा मेहनतानाही घ्यावा, असे स्पष्ट लिहा. फुकटच्या कामाचे उपकार होतात आणि उपकाराच्या माणसाला हिशेब विचारता येत नाही.

आणि एक गैरसमज जाता जाता. "बँकेत नॉमिनी लावला आहे, मग मृत्युपत्र कशाला?" असे पुष्कळजणी म्हणतात. नॉमिनी हा बहुधा पैसे हातात घेणारा असतो, मालक नव्हे. विम्याचा नियम जवळच्या नातलगांसाठी थोडा निराळा आहे, तो विचारून घ्यावा. आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयचे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या पश्चात जो दावा झाला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबद्दल हेच सांगितले, की नॉमिनी म्हणून नाव आहे एवढ्याने मालकी येत नाही.

आता मघाचा प्रश्न. मान कोणाला आणि काम कोणाला? भगिनींनो, वडीलधाऱ्यांना मान जरूर द्या. मृत्युपत्र करण्यापूर्वी त्यांच्या पाया पडा, त्यांचा सल्ला घ्या, कागदात त्यांच्याबद्दल कृतज्ञतेची दोन वाक्ये लिहा. पण काम त्याला द्या, ज्याला वही लिहायची सवय आहे. आणि हा माणूस पुरुषच असला पाहिजे, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? आपल्या घरात दुधाचा, वाण्याचा, शाळेच्या फीचा हिशेब कोण ठेवते? भिशीच्या पैशांत कधी एक रुपया इकडचा तिकडे झाला आहे का? या मंडळाचा जमाखर्च इतकी वर्षे कोणी सांभाळला? मग घरातल्या कागदावर तेवढी आपली बाई कशी काय कच्ची ठरते?

गेल्या वर्षी मी माझे मृत्युपत्र केले. घरात सगळ्यांना वाटले, मी थोरल्या मुलाचे नाव घालीन. मी धाकट्या सुनेला विचारले. ती एका पतसंस्थेत काम करते. तिने लगेच हो म्हटले नाही. दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "आई, मी घेईन. पण तुमचे काय काय कुठे आहे त्याची यादी मला आत्ता करून द्या, आणि दादांना माझ्यासमोर सांगा, की हे नाव तुम्ही स्वखुशीने घातले आहे." मी त्याच संध्याकाळी सर्वांना बसवून सांगितले. थोरला जरा गप्प झाला, हे खोटे कशाला बोलू? दोन दिवसांनी तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "आई, बरे केलेस. माझ्याकडे ही फाईल हरवलीच असती." त्या गप्प बसण्याचे जे काय बोलायचे होते, ते मी जिवंत असताना, माझ्यासमोर बोलून झाले. यापरते मला काही नको.

तेव्हा आज घरी गेल्यावर मृत्युपत्रच लिहायला बसा, असे मी म्हणत नाही. एकाच माणसाला एकच प्रश्न विचारा: "माझ्यामागे माझे एवढे काम करशील का?" त्याचे उत्तर ऐका. अर्धे मृत्युपत्र तिथेच झाले.

 आता चहा थंड होतो आहे. उठू या.